ई-निविदा सूचना वाचायची कशी? सरकारी बांधकामासाठी नोंदणी, शोध आणि बोली

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, बारीक अक्षरांत, चौकटीत एक मजकूर असतो. "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या वतीने कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, योग्य त्या वर्गातील नोंदणीकृत कंत्राटदारांकडून बी-१ नमुन्यातील ई-निविदा मागवीत आहेत." बहुतेक वाचक पान उलटतात. पण या एका वाक्यात बरीच माहिती आहे. काम कोण देतंय, कोणाला घेता येईल आणि दर कसा भरायचा, हे तिन्ही त्यात आलं. राज्यपालांचं नाव येतं ते राज्यघटनेच्या कलम २९९ मुळे. राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावानेच व्हावा लागतो, सही मात्र अधिकाऱ्याची असते.

२०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांची थकलेली बिलं, त्यासाठी झालेली आंदोलनं आणि जलजीवन मिशनच्या कामांचे अडकलेले पैसे यांच्या बातम्या सतत येत होत्या. तरीही दरवर्षी सिव्हिलची पदवी किंवा पदविका घेतलेली मुलं, गावातले गवंडी-मिस्त्री, खडी-सिमेंटचे व्यापारी विचारतातच: सरकारी काम घ्यायचं तर नाव कुठे नोंदवायचं, निविदा कुठे दिसतात? उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळतात आणि त्यातली निम्मी एखाद्या ऑपरेटरकडून पैसे देऊन मिळतात. खरं तर नोंदणी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसे बुडतात ते निविदेचा कागद न वाचता दर भरल्यामुळे. म्हणून हा लेख नोंदणीपेक्षा त्या कागदावर जास्त रेंगाळणार आहे.

आधी ठरवा: माल पुरवायचा की काम करायचं?

सरकारच्या लेखी हे दोन वेगळे रस्ते आहेत. बाकं, संगणक, पाइप, पंप, रंग अशा तयार वस्तू विकायच्या असतील तर तुम्ही पुरवठादार. त्यासाठी केंद्र सरकारचं जेम हे पोर्टल आहे. ते २०१६ मध्ये सुरू झालं आणि राज्यातली कार्यालयंही तिथून खरेदी करतात. रस्ता, शाळाखोली, बंधारा, गटार बांधायचं असेल तर तुम्ही कंत्राटदार, आणि त्याच्या निविदा जेमवर नव्हे, ई-निविदा पोर्टलवर निघतात. जेमवर नाव नोंदवून महिनोन् महिने रस्त्याच्या कामाची वाट पाहणारे लोक आहेत. चुकीच्या थांब्यावर उभं राहून बस येणार नाही.

मोठ्या कंत्राटदाराला खडी, सळई किंवा यंत्रं पुरवायची असतील तर तो तिसराच मार्ग. तिथे निविदा तुमची नसते, त्याची असते. मात्र तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत मिळायला हवेत. त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत होते. तिचे हजार-दोन हजार कोणी मागत असेल तर ते त्याच्या टायपिंगचे, सरकारचे नव्हेत.

नोंदणी एक नाही, तीन आहेत

इथेच सगळ्यात मोठा गोंधळ होतो. कुस्तीच्या मैदानाचं उदाहरण घ्या. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, मग वजनगट ठरतो आणि मग समोरच्या मल्लाशी जोड लागते. नाव नोंदवलं म्हणून कोणी हिंदकेसरीबरोबर लढत लावत नाही.

नाव नोंदवणं म्हणजे पोर्टलवरची बोलीदार नोंदणी. महाराष्ट्रात ती महाटेंडर्स या पोर्टलवर होते. पॅन, ईमेल, मोबाइल आणि डिजिटल सही असली की अर्ध्या तासाचं काम. या नोंदणीने बोली भरण्याची खिडकी उघडते, यापलीकडे काही नाही.

वजनगट म्हणजे कंत्राटदाराचा वर्ग. सार्वजनिक बांधकाम खातं तुमचा अनुभव, उलाढाल, बँकेचा पतदारी दाखला, यंत्रसामग्री आणि तांत्रिक माणसं पाहून एका वर्गात नोंदणी देतं. प्रत्येक वर्गाला किती रकमेपर्यंतचं काम घेता येईल याची मर्यादा असते, आणि शासन निर्णयाने ती वेळोवेळी बदलते. चार वर्षांपूर्वी मामांनी सांगितलेला आकडा धरून बसू नका, चालू शासन निर्णय पाहा. जिल्हा परिषदा, महापालिका, जलसंपदा किंवा जीवन प्राधिकरण बऱ्याचदा बांधकाम खात्याची नोंदणी मान्य करतात, काही ठिकाणी स्वतःची वेगळी मागतात. कोणती चालते ते निविदा सूचनेत लिहिलेलं असतं.

आणि जोड म्हणजे प्रत्येक निविदेतली पात्रता. वर्ग योग्य असला तरी त्या विशिष्ट कामासाठी ठरावीक उलाढाल, तशाच प्रकारचं आधी पूर्ण केलेलं काम, मिक्सर किंवा रोलर अशा अटी असतात. ही परीक्षा दर वेळी नव्याने द्यावी लागते.

बरोबर लागणारी कागदपत्रं: पॅन, जीएसटी, व्यवसाय कर, गरजेप्रमाणे भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा, भागीदारी असल्यास तिची नोंदणी. यांच्या प्रती स्वच्छ स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. तिरक्या, धूसर फोटोंमुळे माणसं तांत्रिक छाननीत बाद होतात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं, कारण त्यांची पात्रता असते.

डिजिटल सही दुसऱ्याच्या खिशात नको

ई-निविदेसाठी वर्ग ३ ची डिजिटल सही लागते. (वर्ग २ ची सही २०२१ पासून बंद झाली.) सरकारमान्य प्रमाणन संस्था ओळख तपासून ती देतात. पेनड्राइव्हसारखं एक टोकन मिळतं, त्याला पिन असतो. कायद्याने या सहीचं वजन हाताने केलेल्या सहीइतकंच.

आता तालुक्याच्या गावातलं खरं चित्र पाहा. ई-टेंडर भरून देणाऱ्या ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात दहा-पंधरा टोकनं पडलेली असतात, प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर कंत्राटदाराचं आडनाव आणि कधीकधी खाली पिनसुद्धा. म्हणजे एकाच कामाला बोली लावणाऱ्या तिघांच्या सह्या एकाच माणसाच्या हातात आणि तिघांचे दरही त्याला ठाऊक. पोर्टलवर बोली कुलूपबंद होते, ठरल्या वेळेआधी ती अधिकाऱ्यांनाही उघडता येत नाही. एवढी भक्कम व्यवस्था असताना आपणच आपला दर खणात ठेवून येतो. ऑपरेटर प्रामाणिक असेलही. पण त्याच्या हातून चूक झाली तरी जबाबदारी सही ज्याच्या नावावर आहे त्याचीच. ऑपरेटरची मदत घ्या, त्याच्या संगणकावर बसा, पण टोकन आपण लावा, पिन आपण टाका आणि दराचा आकडा शेवटी आपल्या हाताने भरा. पोरगं बारावी शिकलेलं असेल तर दोन दिवसांत घरी बसून हे शिकतं.

सहीची मुदत संपण्याची तारीखही लिहून ठेवा. बोली भरली आणि पुढच्या आठवड्यात सही संपली, तर पुढच्या टप्प्यावर अडचण होते.

निविदा पाहायला नोंदणी लागत नाही

ही गोष्ट इतक्या कमी लोकांना माहीत आहे की ठळकपणे सांगावीशी वाटते. महाटेंडर्सवर चालू निविदा पाहायला, कागद उतरवून घ्यायला आणि निकाल वाचायला नोंदणी, डिजिटल सही, फी यातलं काहीही लागत नाही. पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरं टाइप केली की झालं.

शोधायचं असं. मुखपृष्ठावर 'टेंडर्स बाय ऑर्गनायझेशन' असा पर्याय आहे, तिथे खातं, महापालिका किंवा जिल्हा परिषद निवडा. 'टेंडर्स बाय लोकेशन' मध्ये ठिकाण किंवा पिनकोडावरून शोधता येतं, 'क्लोजिंग डेट' मध्ये मुदत कधी संपते त्यावरून. शब्दाने शोधताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं वापरून पाहा. एकाच तालुक्याच्या नावाची स्पेलिंगं वेगवेगळे कारकून वेगवेगळी करतात, त्यामुळे एका स्पेलिंगने शोधून 'काही नाही' म्हणू नका. निविदा सापडली की तिचा क्रमांक टिपून ठेवा, पुढे सगळं त्या क्रमांकावरून मिळतं. आणि 'कॉरिजेंडम', म्हणजे शुद्धीपत्रक, रोज पाहा. मुदत वाढणं, अट बदलणं, दरपत्रकाची फाइल बदलणं हे सगळं तिथे जाहीर होतं. फाइल बदलली असेल आणि तुम्ही जुनीच भरली तर बोली बाद.

महाटेंडर्स ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, बनवलेल्या प्रणालीची महाराष्ट्रातली आवृत्ती आहे. हीच प्रणाली बरीच राज्यं आणि केंद्राची खाती वापरतात, त्यामुळे एक शिकलात की इतर पोर्टलही ओळखीची वाटतात. केंद्राच्या आणि अनेक राज्यांच्या निविदा एकत्र पाहायच्या तर केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टल आहे. रेल्वेच्या कामांसाठी आयरेप्स. सीमाभागातल्या मराठी कंत्राटदारांना कर्नाटकासाठी केपीपीपी हे वेगळं पोर्टल पाहावं लागतं.

पैसे घेऊन निविदांची यादी पाठवणारी खासगी संकेतस्थळंही आहेत. आठवण म्हणून ती सोयीची, पण मूळ माहिती सरकारी पोर्टलवरचीच, आणि दोन्हींत फरक असेल तर सरकारी पोर्टलच खरं. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' आहे ना, हे दर वेळी पाहा. 'तुमची निविदा मंजूर झाली, नोंदणी शुल्क भरा' असा फोन आला तर तो फसवणुकीचा.

निविदेचा कागद: काय आधी वाचायचं

शंभर-दीडशे पानांचा कागद पाहून छाती दडपते. त्यातली बरीच पानं सगळ्या निविदांत सारखीच असतात. आधी चार गोष्टी शोधा: कामाची किंमत आणि मुदत, पात्रतेच्या अटी, बयाणा रक्कम (बोलीबरोबर भरायची अनामत) आणि लेखाशीर्ष. लेखाशीर्षाकडे पुढे येऊच.

नमुना कोणता ते पाहा. बी-१ मध्ये खात्याने प्रत्येक बाबीचा दर दरसूचीप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांच्या यादीप्रमाणे, लावलेला असतो. तुम्ही फक्त एकूण किती टक्के कमी किंवा जास्त ते सांगायचं. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तुम्ही भरायचा. सी नमुन्यात पूर्ण कामाची एकठोक रक्कम. नवख्याने बी-१ पासून सुरुवात करावी, कारण हिशेब तपासायला खात्याचे दर समोर असतात.

बोली दोन लिफाफ्यांत जाते. पहिल्यात कागदपत्रं आणि पात्रता, दुसऱ्यात दर. पहिला नापास झाला तर दुसरा उघडतच नाही. बोली 'बाद' का झाली, त्याचं कारण पोर्टलवर लिहिलेलं असतं आणि फार थोडे जण ते उघडून वाचतात. छाननीचा अहवाल उतरवून घ्या. तो तुमचा पुढच्या वेळचा अभ्यास.

मोठ्या कामांत बोली क्षमतेचं सूत्र येतं, ते पाहून घाबरू नका. साधारण असं असतं: गेल्या पाच वर्षांतलं एका वर्षातलं सर्वांत जास्त काम, गुणिले नव्या कामाची मुदत वर्षांत, गुणिले २, त्यातून हातातली शिल्लक कामं वजा. समजा तुमचं सर्वांत चांगलं वर्ष ४० लाखांचं आणि हातात ३० लाखांचं काम बाकी आहे. नव्या कामाची मुदत एक वर्ष असेल तर ४० गुणिले १ गुणिले २ म्हणजे ८०, वजा ३०, तुमची क्षमता ५० लाख. मुदत सहा महिने असेल तर ४० गुणिले अर्धा गुणिले २ म्हणजे ४०, वजा ३०, क्षमता फक्त १० लाख. माणूस तोच, पण मुदत निम्मी झाली की क्षमता पाचपट घटली. गुणक काही निविदांत वेगळा असतो, म्हणून सूत्र त्या कागदातूनच घ्यावं.

बयाणा, ज्याला सगळे ईएमडी म्हणतात, ऑनलाइन भरला जातो आणि काम मिळालं नाही तर ज्या खात्यातून गेला त्याच खात्यात परत येतो. मित्राच्या खात्यातून भरलात तर मित्राकडून मागत बसावं लागेल. एनईएफटीने भरणार असाल तर रक्कम पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, एक-दोन दिवस आधी भरा. पोर्टलवरच्या वरच्या कोपऱ्यात सर्व्हरचं घड्याळ दिसतं. वेळ त्या घड्याळाची चालते, तुमच्या मनगटावरच्या नव्हे, आणि शेवटच्या तासाला सगळा जिल्हा एकदम लॉगिन करत असतो.

दर भरताना

दरपत्रक एक्सेलच्या फाइलमध्ये येतं. तिचं नाव बदलायचं नाही. रंगीत रकानेच भरायचे. बी-१ च्या फाइलमध्ये एक छोटी यादी उघडते: एक्सेस, लेस, अॅट पार. म्हणजे जास्त, कमी, तेवढाच. त्याशेजारी टक्का टाकायचा. बारा टक्के कमी भरायचं असताना 'एक्सेस' निवडलं गेलं की तुमची बोली बारा टक्के जास्तीची झाली, आणि काम गेलं. उलट झालं तर त्याहून वाईट, कारण काम मिळतं. फाइल जतन करण्याआधी खाली अक्षरांत आलेली एकूण रक्कम मोठ्याने वाचा. ही सवय एका वेळी लाख वाचवते.

आता बारा टक्के कमी म्हणजे नेमकं काय ते आकड्यांत पाहू. काम २५ लाखांचं, तुमची बोली २२ लाख, जीएसटी वेगळा. समजा माल, मजुरी, डिझेल धरून खर्च २० लाख येतो. नफा २ लाख दिसतो. बिलातून कपात सुरू होते: आयकराचा टीडीएस वैयक्तिक कंत्राटदाराला १ टक्का, म्हणजे २२,००० (भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के). जीएसटीचा टीडीएस २ टक्के, ४४,०००. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, २२,०००. सुरक्षा ठेव समजा ४ टक्के, ८८,०००. एकूण १,७६,०००. टीडीएस विवरणपत्र भरल्यावर हिशेबात मिळतो, ठेव दोष दायित्व कालावधी संपल्यावर मिळते, उपकर परत येत नाही. म्हणजे दोन लाखांच्या नफ्यातले पावणेदोन लाख काम संपलं तरी हातात नसतात. त्यात वाळू-मुरूम-खडीच्या रॉयल्टीच्या पावत्या जपल्या नाहीत तर तीही रक्कम बिलातून जाते.

दोष दायित्व कालावधी म्हणजे काम पूर्ण झाल्यावर ठरावीक वर्षं त्यातला दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी. पंचवीस टक्के कमी दराने केलेला रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला तर खड्डे तुम्हीच बुजवणार. दरसूचीतल्या दरांत कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च आधीच धरलेला असतो. त्याहून खूप खाली जायचं तर पैसे कुठून तरी वाचवावे लागतात, आणि ते सिमेंटमधून वाचले तर त्याची किंमत शाळेच्या छताखाली बसलेली पोरं मोजतात. म्हणूनच दर ठरावीक टक्क्यांपेक्षा खाली गेला की खातं जादा सुरक्षा रक्कम मागतं. ती किती, हे निविदेत सूत्रासह दिलेलं असतं, दर ठरवण्याआधी वाचा.

"उद्यम आहे, मग बयाणा माफ ना?"

वस्तू आणि सेवांच्या खरेदीत सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाण्यात सूट आहे, ती केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणातून येते. बांधकामाचे ठेके त्या धोरणात बसत नाहीत. त्यामुळे उद्यमचा कागद लावून बयाणा न भरलेली बांधकामाची बोली साधारणपणे पहिल्याच लिफाफ्यात बाद होते. निविदेत स्वतः खात्याने सूट लिहिली असेल तरच ती मिळते.

"सगळं आधीच मॅनेज असतं, भरून उपयोग काय?"

हा आक्षेप हवेतला नाही. ई-निविदा येण्याआधी कोरे फॉर्म कार्यालयातून विकत घ्यावे लागत आणि पेटीपर्यंत पोचू न देण्याचे प्रकार चालत. तो अडथळा गेला. पण अटीच अशा लिहायच्या की एकच माणूस बसेल, किंवा आपसात ठरवून दोघांनी नावापुरत्या चढ्या बोली टाकायच्या, हे थांबलेलं नाही. या दुसऱ्या प्रकाराला धंद्यात 'सपोर्ट टाकणं' म्हणतात.

कोणी 'फक्त कागद दे, सपोर्ट टाकायचाय' म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. बोलीतल्या अशा संगनमताला स्पर्धा कायद्याने बंदी आहे आणि त्यासाठी दंड होतो. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत झाल्याचं भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं आणि कंपन्यांना दंड केला. वेगवेगळ्या म्हणवणाऱ्या बोली एकाच आयपी पत्त्यावरून भरल्या गेल्याचं तपासात निघालं होतं. ऑपरेटरच्या खणातल्या टोकनांची काळजी का वाटते, ते यावरून कळेल.

अट अन्यायाची वाटली तर बोली उघडण्याआधी बोला. निविदापूर्व बैठकीत किंवा मुदतीत लेखी प्रश्न पाठवा, उत्तर सगळ्यांसाठी पोर्टलवर येतं. नंतर न्यायालयात जाणं महाग आणि अवघड. टाटा सेल्युलर खटल्यापासून, म्हणजे १९९४ पासून, सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की न्यायालय निर्णयाची प्रक्रिया तपासेल, निर्णय स्वतः घेणार नाही. नागपूर मेट्रोच्या २०१६ च्या प्रकरणात तर निविदा ज्याने लिहिली त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो असं न्यायालयाने म्हटलं.

माझं मत विचाराल तर प्रत्येक काम ठरवलेलं नसतं. पोर्टलवर 'टेंडर स्टेटस' मध्ये गेल्या वर्षाचे आपल्या तालुक्याचे निकाल काढा. कोणत्या विभागात दोन-तीनच बोली येतात, कुठे आठ-दहा, दर किती खाली जातात, हे सगळं उघडं आहे. दहा जणांची चुरस असलेल्या विभागात मॅनेज करणं अवघड असतं. हा अभ्यास करणारा तरुण चहाच्या टपरीवरच्या गप्पांवर अवलंबून राहत नाही.

पैसे कधी मिळतात? लेखाशीर्ष वाचा

गावात लोक 'पंचवीस-पंधराचं काम', 'तीस-चोपन्नचं काम' म्हणतात. ती लेखाशीर्षं आहेत, म्हणजे पैसा अर्थसंकल्पाच्या कोणत्या खणातून येणार त्याचे क्रमांक. ३०५४ रस्त्यांच्या देखभालीचं, ५०५४ रस्ते-पुलांच्या भांडवली कामांचं, २५१५ ग्रामविकासाच्या कामांचं.

कामाला प्रशासकीय मान्यता असते, तांत्रिक मान्यता असते, पण त्या वर्षी पैशाची तरतूद किती, हा प्रश्न वेगळाच. पन्नास लाखांच्या कामाला एखाद-दोन लाखांची नावापुरती तरतूद असू शकते. निविदा नियमाने निघते, कार्यादेश नियमाने मिळतो, काम वेळेत होतं. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद घेतो, उपअभियंता तपासतो, कार्यकारी अभियंता बिल मंजूर करतो, आणि मग बिल निधीची वाट पाहत पडून राहतं. थकबाकीच्या बातम्यांमागे मुख्यतः हेच आहे: मंजूर कामं तरतुदीच्या कितीतरी पुढे गेली. यात कंत्राटदाराची चूक नसते आणि व्याज मात्र त्याच्या डोक्यावर चढतं. ही व्यवस्थेने केलेली मोठी हेळसांड आहे.

म्हणून बोली भरण्याआधी विभागाच्या लेखा शाखेत जाऊन विचारा: या शीर्षाखाली यंदा तरतूद किती, मागची किती बिलं थकली आहेत? सांगत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्थसंकल्पाची पुस्तकं शासनाच्या संकेतस्थळावर असतात. उत्तर पटलं नाही तर ते काम सोडून द्या. सावकाराचे पैसे लावून सरकारी काम करणं मी कोणालाही सुचवणार नाही.

"अनुभव मागतात, आणि कामाशिवाय अनुभव येत नाही"

या कोंडीवर महाराष्ट्रात दोन जुन्या वाटा आहेत. सिव्हिलची पदवी किंवा पदविका असेल तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी मिळते. मजूर एकत्र येऊन मजूर सहकारी संस्था काढू शकतात. छोटी कामं या दोघांना आणि खुल्या नोंदणीकृत कंत्राटदारांना ठरावीक प्रमाणात वाटण्याचं धोरण आहे, आणि जिल्ह्याची काम वाटप समिती ती वाटते. बांधकाम खात्याच्या मंडळ कार्यालयात आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात समितीच्या बैठकीची आणि कामांच्या यादीची चौकशी करा. यादी लागते, पण फलकावरून लवकर उतरते, त्यामुळे दर आठवड्याला एक चक्कर टाकावी.

तिसरी वाट म्हणजे नोंदणीकृत कंत्राटदाराकडे उपठेकेदार म्हणून काम करणं. तिथून मिळालेला अनुभव प्रत्येक खातं मोजतंच असं नाही. म्हणून पहिल्या वर्षी वाटप समितीचं लहान, तरतूद असलेलं एखादं काम घ्या, मुदतीत पूर्ण करा आणि कार्यकारी अभियंत्याकडून काम पूर्णत्वाचा दाखला रक्कम, कामाचा प्रकार, सुरुवात आणि पूर्णत्वाच्या तारखांसह लगेच घ्या. अधिकारी बदलून गेल्यावर तो मिळवताना फार हेलपाटे होतात, आणि पुढच्या प्रत्येक निविदेच्या पहिल्या लिफाफ्यात सगळ्यात आधी तोच कागद मागितला जातो.